हद्द झाली!

लॅटिन भाषेशी माझा संबंध आला तो दोनच ठिकाणी. एक 'प्रो रेटा' आणि दुसरं 'पर अ‍ॅनम'. पहिल्यानं पगार कापतात आणि दुसऱ्यानं व्याज मिळतं. बी. कॉम. होऊन बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढलेल्या माणसाला याहून जास्त लॅटिन लागत नाही. लागू नये, असंच माझं मत होतं. पण एखादा शब्द कर्जवसुलीच्या माणसासारखा असतो. आपण त्याला ओळखत नसलो तरी तो आपला पत्ता बरोबर शोधून काढतो.

'टर्मिनल' हा शब्द माझ्या मागे कॉलेजपासून लागला आहे. तेव्हा टर्मिनल म्हणजे दिवाळीच्या आधीची परीक्षा. हिच्यात नापास झालं तरी बिघडत नाही, एवढीच तिच्याविषयी आमची माहिती होती आणि त्या माहितीचा आम्ही पुरेपूर उपयोग केला. पुढे २००४ साली बँकेत लागलो. पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी मला एका खुर्चीपाशी नेलं आणि काळ्या काचेवर हिरवी अक्षरं लुकलुकणारा एक डबा दाखवून म्हणाले, "हा डंब टर्मिनल. याला स्वतःची अक्कल नाही. डोकं सगळं आतल्या खोलीत, सर्व्हरला. वरून येईल ते यानं दाखवायचं, खालून दाबाल ते वर कळवायचं. मधे बोलायचं नाही." त्यांनी मला यंत्राची ओळख करून दिली की माझ्या नोकरीची, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

मग आले 'टर्मिनल बेनिफिट्स'. म्हणजे निवृत्तीच्या दिवशी हातात पडणारा फंड, ग्रॅच्युइटी वगैरे. आमचे एक कॅशियर निवृत्तीच्या आधीचं आख्खं वर्ष हा हिशेब दिवसातून दोनदा करत. रक्कम दोन्ही वेळा तीच यायची, पण समाधान दोनदा व्हायचं.

तर असा हा शब्द. परीक्षा, यंत्र आणि पैसा अशा तीन रूपांत तो मला भेटला होता आणि तिन्ही रूपांत निरुपद्रवी होता. चौथ्यांदा तो टेलिफोनवरून आला.

फोन गावाकडच्या बाळूचा होता. बाळू म्हणजे आमच्या तात्यांचा मुलगा आणि तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, सख्खे चुलतभाऊ. बाळू म्हणाला, "दादा, तात्यांना पुण्याला आणलंय. डॉक्टर म्हणतात, टर्मिनल आहे."

मी फोन ठेवला. अण्णा पेपर वाचत होते.

"कुणाचा होता?"

"बाळूचा. तात्या दवाखान्यात आहेत. टर्मिनल आहे म्हणतात."

आमच्या घरात तात्यांचं नाव वीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. अण्णा त्यांचा उल्लेख 'पलीकडचा' असा करत. आज त्यांनी तोही केला नाही. थोडं थांबून विचारलं, "टर्मिनल म्हणजे?"

"म्हणजे... शेवटचं."

"शेवटचं म्हणजे? व्हीटीसारखं?"

अण्णांनी बत्तीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी अशी नोकरी केली. शब्दकोशात काहीही लिहिलेलं असो, त्यांच्या लेखी जगात टर्मिनस एकच.

"हो. तसंच काहीसं."

"व्हीटी शेवटचं कुठंय?" अण्णा म्हणाले. "तिथनं तर गाडी सुटते." आणि त्यांनी पेपर पुन्हा डोळ्यांपुढे धरला. पान उलटल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

आता हे 'पलीकडचा' प्रकरण सांगायला हवं. आमचं गाव भोर तालुक्यात. डोंगरउताराला भातखाचरं आहेत. पणजोबांच्या वेळी वाटणी झाली आणि एका खाचराची दोन झाली. मधे बांध, बांधाच्या टोकाला गुडघ्याएवढा एक काळा दगड आणि दगडाच्या डोक्यावर एक जुना ऐन. अण्णा निवृत्त झाल्यावर हौसेनं गावी गेले, टेप लावून बांध मोजला आणि त्यांच्या लक्षात आलं, की दगड दीड हात आपल्याकडे सरकला आहे. त्याच आठवड्यात तात्यांनीही मोजलं. त्यांच्या मते तो दीड हात त्यांच्याकडे सरकला होता. सरकारी मोजणी मागवली. मोजणी करणाऱ्यानं दोघांनाही नापसंत पडेल अशी रेघ काढून दिली. त्यावरून ती बरोबर असावी, असं मला आजही वाटतं. पण कॉमर्सच्या पदवीला घरात कोण विचारतो! त्या दीड हाताच्या पट्टीत चांगल्या पावसाच्या वर्षी फार तर दोन-तीन पायल्या भात होईल, हा हिशेब मी अण्णांना कागदावर करून दाखवला होता. त्यांनी तो कागद वकिलाच्या पावत्यांबरोबर नीट फाइलला लावून ठेवला.

भातापाठोपाठ ऐन आला. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर फांद्या, पालापाचोळा जाळून भाताची रोपं टाकायला जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. राबाला ऐनाच्या फांद्या उत्तम. त्या कुणी तोडायच्या? वीस वर्षं कुणीच तोडल्या नाहीत. ऐन मात्र या भांडणात असा माजला, की खाली ऊन पडेना.

अण्णांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. बँकेत पंधरा पैशांची तफावत राहिली तरी आम्ही रात्री आठपर्यंत बसतो. इथे तर एकाच नोंदीला डॉक्टर शेवट म्हणत होते आणि अण्णा सुरुवात. रद्दीच्या दुकानातून आणलेला एक जाडजूड शब्दकोश माझ्याकडे होता. इतकी वर्षं त्याचा उपयोग ही पापड वाळल्यावर सरळ राहावेत म्हणून करत असे. पापड बाजूला ठेवून मी तो उघडला.

आणि उडालोच. लॅटिनमध्ये 'तेर्मिनस' म्हणजे स्टेशन नव्हे, शेवट नव्हे, मरण तर नव्हेच नव्हे. तेर्मिनस म्हणजे बांध. हद्द. शेताच्या हद्दीवर पुरलेला दगड.

मग मात्र मी दोन रविवार वाचनालयात घालवले. प्राचीन रोममध्ये या दगडाचा देव होता आणि त्याचं नावही तेर्मिनस. त्याला ना हात, ना पाय. आपल्याकडे वेशीवर शेंदूर फासलेला दगड असतो, तसाच. त्याची पूजा रोमचा दुसरा राजा नूमा यानं सुरू केली, अशी रोमन लोकांची परंपरा सांगते. राजा मोठा व्यवहारी असावा. प्रत्येकानं आपली हद्द दगड रोवून दाखवावी आणि त्या दगडाला देव मानावं, असा त्यानं नियम घातला. मोजणी खात्याचं काम देवखात्याकडे वर्ग केलं की अपिलं कमी होतात, हे त्याला कळलं होतं. कायदाही देवाला शोभेल असाच. नांगरताना हद्दीचा दगड जो उखडील तो स्वतः आणि त्याचे बैल, दोघंही देवाच्या कोपाला वाहिलेले. अशा माणसाला कुणी मारलं तरी तो खून धरत नसत. माणसाचं एक वेळ समजू शकतो, पण बैलांनी काय घोडं मारलं होतं? बहुधा रोमन शेतकरीही पंचांपुढे 'मी नाही, बैलानं सरकवला' असंच सांगत असणार.

दगड रोवण्याची रीतही ठरलेली होती. खड्डा खणायचा, त्यात अग्नी पेटवून धूप, धान्य, मधाचं पोळं, दारू वाहायची आणि निखारे विझायच्या आत दगड वर बसवायचा. यात भक्ती होतीच, पण पुरावाही होता. पुढे कुणी दगड हलवला तर खालची राख आणि कोळसा हलत नाही. जमीन खणली की खरं काय ते कळतं. हे वाचून मला रोमन लोकांच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. पण ते फार वेळ टिकलं नाही. कारण आपल्या मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हेच सांगितलं आहे. सीमेच्या उघड खुणा ठेवाच, पण जमिनीखाली राख, कोळसे, हाडं, खापऱ्या, तूस असल्या गुप्त खुणाही पुरा, कारण सीमेच्या बाबतीत माणसं कायम घोटाळा करतात. १९६६ च्या आपल्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही हद्दींवर आणि हद्दीच्या खुणांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि खूण बिघडवणाऱ्याला दंडही आहे. बैलांना मात्र त्यातून वगळलं आहे. दोन हजार वर्षांत एवढी प्रगती झाली म्हणायची.

या देवाचा सण दर वर्षी २३ फेब्रुवारीला असे. त्याचं नाव 'तेर्मिनालिया'. जुन्या रोमन पंचांगात फेब्रुवारी हा वर्षाचा शेवटचा महिना होता, म्हणजे हा सण वर्षाच्याही हद्दीवर बसवलेला. आमच्या मार्चएंडसारखाच, फरक एवढाच, की मार्चएंडला आम्हाला कुणी गोडधोड देत नाही. ऑव्हिड नावाच्या कवीनं 'फास्ती' या ग्रंथात या सणाचं वर्णन केलं आहे. ते वाचताना मी थांबलो. एकाच दगडाशी दोन्ही शेतांचे मालक यायचे, एक या बाजूनं आणि एक त्या बाजूनं. दोघं आपापल्या बाजूनं हार घालायचे, दोघं आपापला गोड पोळा ठेवायचे. घरधनीण आपल्या चुलीतला विस्तव खापरात घेऊन यायची. म्हाताऱ्यानं लाकडं रचायची, पोरानं टोपलीतलं धान्य तीन वेळा विस्तवात टाकायचं, धाकट्या मुलीनं मध द्यायचा. आणि मग शेजाऱ्यांनी एकत्र बसून जेवायचं.

म्हणजे ज्या दगडावरून भांडायचं, त्याच दगडाशी वर्षातून एकदा पंगत. मला आमचा काळा दगड आठवला. त्याच्याशी वीस वर्षांत वकिलाशिवाय कुणी जेवलं नव्हतं.

या देवाची आणखी एक गोष्ट आहे. रोममधल्या कॅपिटोल टेकडीवर ज्युपिटरचं मोठं देऊळ बांधायचं ठरलं. तिथे आधीपासून बरेच छोटे देव राहत होते. जागा मोकळी करायला हवी. मग शकुन पाहणाऱ्यांनी एकेका देवाला विचारलं, बाबा, हलतोस का? एकेक देव हलला. तेर्मिनस म्हणाला, नाही. देवांच्या राजाला जागा हवी असली तरी हा काही हलेना. शेवटी त्याला तिथेच ठेवून त्याच्याभोवती देऊळ बांधलं, आणि त्याला उघडं आकाश लागतं म्हणून छताला भोक ठेवलं. रोमन लोकांना याचा राग आला नाही. उलट, आपल्या राज्याची हद्द कुणी हलवू शकणार नाही, असा त्यांनी शुभशकुन काढला. आमच्या चाळीच्या पुनर्विकासात तळमजल्यावरचे भाडेकरू अगदी असेच वागले. पण शकुन कुणी काढला नाही, स्टे आणला.

पुढे हा दगड भाषेत शिरला आणि जिथे तिथे जाऊन उभा राहिला. जागेची हद्द तशी काळाचीही हद्द असते, म्हणून शाळेची 'टर्म' आली आणि आमची 'टर्म डिपॉझिट' म्हणजे मुदत ठेव आली. आठ तास मी ज्या काउंटरवर बसतो, तो मुळात बांध आहे! अर्थाला हद्द घातली की झाली 'टर्म', म्हणजे संज्ञा. ग्रीकांचा 'होरोस' म्हणजे हद्दीचा दगड, आणि तर्कशास्त्रातलं पदही 'होरोस'च. त्याचंच लॅटिन करताना पंडितांनी तेर्मिनस घेतला. आपण 'हद्द झाली!' म्हणतो त्यातला 'हद्द' शब्द अरबी. गंमत म्हणजे अरबी पंडितही सीमेला हद्द म्हणतात आणि व्याख्येलाही हद्दच म्हणतात. तीन भाषांतल्या तीन विद्वानांनी विचार करायला सुरुवात केली आणि तिघंही शेताच्या बांधावर जाऊन बसले.

'डिटर्मिन' म्हणजे हद्द आखून टाकणं, म्हणून निश्चय करणं. 'एक्स्टर्मिनेट' या शब्दाला आज आपण ढेकणांची आणि झुरळांची कत्तल समजतो, पण मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसता हद्दीबाहेर घालवणं. म्हणजे आपलं हद्दपार, तडीपार. झुरळांच्या बाबतीत आमच्या घरी आजही मूळ लॅटिन अर्थच चालतो. ती शेजाऱ्यांकडे जातात आणि चार दिवसांनी तडीपारी भोगून परत येतात. आणि कंपनीच्या नावापुढचं 'लिमिटेड' माहीत आहे ना? त्यातला 'लीमेस' म्हणजे दोन शेतांमधली वाट. मराठीतलं 'मर्यादित' पाहा, मर्यादा म्हणजे पुन्हा सीमाच. सारं कॉमर्स बांधावर उभं आहे आणि हे मला कॉमर्सच्या एकाही प्राध्यापकानं सांगितलं नाही.

कुठे फसायलाही होतं. रोमच्या मोठ्या रेल्वे स्टेशनचं नाव 'तेर्मिनी'. मला वाटलं, हा तर सख्खा भाऊ. पण नाही. जवळच सम्राट डायोक्लेशियनची प्रचंड स्नानगृहं होती, त्या 'थेर्मी'वरून ते नाव आलं. त्याचा उगम न्हाणीघरात आहे, बांधावर नाही. टर्मिनस ही कल्पना ज्या गावची, त्याच गावच्या टर्मिनसचा टर्मिनसशी संबंध नसावा, याला काय म्हणावं?

आपल्या मुंबईचा संबंध मात्र खरा. १८५३ साली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. त्याच जागी १८७८ मध्ये एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या आराखड्यावर नवं स्टेशन बांधायला घेतलं आणि १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली म्हणून, त्याला 'व्हिक्टोरिया टर्मिनस' नाव दिलं. १९९६ मध्ये राणी गेली आणि शिवाजी महाराज आले, २०१७ मध्ये नावात 'महाराज' आलं. टर्मिनस मात्र दोन्ही वेळा जागचा हलला नाही. कॅपिटोल टेकडीवरची जुनी खोड! त्याच मार्गावर आणखी एक बांध आहे आणि तो अस्सल मराठी आहे. 'सायन' ज्याला म्हणतात ते आपलं शीव. शीव म्हणजे गावाची सीमा. मुंबई बेट तिथे संपे आणि पलीकडे साष्टी. अण्णा रोज सकाळी एका बांधावरून गाडीनं दुसऱ्या बांधावर जात होते आणि बत्तीस वर्षांत पासावर कुणी तसं लिहिलं नाही.

व्हीटीचा आणखी एक योगायोग सांगतो. संगणकाच्या जगात 'व्हीटी-१००' नावाचा एक नामांकित टर्मिनल होऊन गेला. व्हीटी म्हणजे व्हिडिओ टर्मिनल. तो अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीनं बाजारात आणला १९७८ साली, म्हणजे आपल्या व्हीटीचं बांधकाम सुरू झाल्यानंतर बरोबर १०० वर्षांनी. यंत्राला टर्मिनल का म्हणायचं? तारेचं टोक म्हणून. यंत्राची हद्द तिथे संपते आणि माणसाची सुरू होते. बॅटरीचे दोन टर्मिनल असतात तेही असेच. नुसत्या एका टोकाला काही अर्थ नाही, दुसरं काहीतरी जोडायला हवं.

सगळ्यात मोठा धक्का मला झाडानं दिला. १७६७ मध्ये लिनियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं झाडांच्या एका कुळीला 'टर्मिनालिया' नाव दिलं, कारण यांची पानं फांद्यांच्या टोकाशी दाटीनं येतात. हिरडा, बेहडा, अर्जुन, किंजळ, देशी बदाम, सगळे टर्मिनालिया. अण्णा रोज रात्री कोमट पाण्याबरोबर त्रिफळा घेतात. त्यात आवळा सोडला तर बाकी दोन फळं टर्मिनलच. आणि या यादीत आणखी कोण असावं? ऐन! तेर्मिनसच्या डोक्यावर वीस वर्षं टर्मिनालिया उभा होता आणि आम्ही दोन्ही घरं त्याच्याखाली कोर्टाचे कागद चाळत होतो.

राहिला प्रश्न डॉक्टरांचा. हा दगड दवाखान्यात कसा पोचला? त्याचा एक धागा मला सापडला. इरॅस्मस नावाचा मोठा पंडित १६ व्या शतकात होऊन गेला. १५०९ मध्ये त्याच्या एका शिष्यानं त्याला अंगठी दिली, तिच्यावर तेर्मिनसचं चित्र होतं. इरॅस्मसनं तेच आपलं चिन्ह केलं आणि खाली ब्रीद घातलं: मी कुणापुढे हटत नाही. लोक म्हणाले, किती हा गर्व! तेव्हा, १५२८ मध्ये, त्यानं खुलासा केला, की अहो, हे मी बोलत नाही, हे मरण बोलतं. न हटणारी हद्द ती. म्हणजे डॉक्टरांचा अर्थ खोटा नाही. आयुष्यालाही बांध असतो आणि तो दगड कुणी कितीही मोठा ज्युपिटर आला तरी हलवत नाही.

तफावत तेवढी जुळायची होती. ती माझ्या टेबलावर जुळली नाही.

दुसऱ्या शनिवारी अण्णा सकाळी सहाला तयार होऊन बसले. "पुण्याची गाडी कितीची?" एवढंच. कल्याणहून निघालो. वाटेत मी त्यांना सगळी रोमन कहाणी सांगितली. देव, दगड, पोळे, छताचं भोक. कर्जत गेलं, घाट आला. अण्णा खिडकीतून बाहेर बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "दोघं यायचे? दोन्ही बाजूंनी?"

"हो."

"आणि दगड कुणी सरकवला असेल तर?"

"तसं पुस्तकात दिलेलं नाही."

दवाखान्यात तात्या फार वाळलेले दिसले. बाळू उठून उभा राहिला. अण्णा पलंगाच्या पायथ्याशी थांबले. वीस वर्षांनंतर पहिलं वाक्य काय बोलतात याची मला धास्ती होती.

"ऐन तोडलास का रे?"

"तू तोडू देशील तर ना, अण्णा," तात्या म्हणाले.

अण्णा स्टुलावर बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तात्याच म्हणाले, "दगड मी सरकवला होता. तुझ्या अंगाला. दोनदा."

"ठाऊक आहे. मी परत सरकवला. तीनदा."

"तीनदा?"

"तू तीनदा सरकवलास म्हणून तीनदा. हिशेब नीट सांग."

तात्यांनी डोळे मिटून आठवलं. "एकदा बैलाचा पाय लागला होता," ते म्हणाले. "तो माझ्या खात्याला नको."

मी बाळूकडे बघितलं, बाळूनं माझ्याकडे. वीस वर्षं, दोन वकील, एक मोजणी. आणि दगड जितका गेला तितकाच परत आल्यामुळे पणजोबांनी रोवला होता तिथेच उभा! अण्णा आधी हसले. मग तात्या हसायला लागले आणि त्यांना इतका खोकला आला, की नर्सनं येऊन आम्हा तिघांना हद्दपार केलं. लॅटिन अर्थानं.

बाहेर बाकावर बसल्यावर अण्णा म्हणाले, "बत्तीस वर्षं व्हीटीला उतरलो. सगळे उतरतात आणि गाडी रिकामी होते. तेवढ्यात चढायचं असतं. परतीची खिडकी तिथंच मिळते." पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

तात्यांना डॉक्टरांनी दोन महिने दिले होते. त्यांनी आठ काढले. मुदत संपलेली ठेव न मोडता चालू राहावी तसे. त्यातले बरेच दिवस अण्णा गावाला त्यांच्या ओटीवरच होते. दोघं काय बोलत होते कुणास ठाऊक. बाळू म्हणतो, बहुतेक वेळ भांडतच होते, पण जवळ बसून. चैत्रात तात्या गेले.

दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी अण्णा बांधावर जायला निघाले. तारीख २३ फेब्रुवारी वगैरे नव्हती, साधा रविवार होता. अण्णा दगडाच्या या अंगाला बसले, बाळू त्या अंगाला. हळद-कुंकू वाहिलं. बाळूनं विचारलं, "अण्णाकाका, नारळ कुणी फोडायचा?" अण्णांनी तो दगडावर हाणला. दोन भकलं झाली, एक इकडे पडलं, एक तिकडे. मोजायची गरज कुणाला वाटली नाही.

मग अण्णांनी वर ऐनाकडे पाहिलं. वीस वर्षांची फांदी झाली होती.

"यंदा राबाला तू तोड," ते बाळूला म्हणाले. "पुढल्या वर्षी मी."

"बरं. आणि त्याच्या पुढल्या?"

"पुन्हा तू. एकाआड एक. लिहून ठेव."

ऐंशीच्या माणसानं आपल्या पाळ्या लावून घेतल्या. मी मुदत ठेवीच्या काउंटरवरचा माणूस. मुदतीविषयी चार शब्द बोलणं माझं कामच होतं. पण मी खिशातून पेन काढलं आणि गपचूप लिहून घेतलं.